नोकरी शोधायला दुबईला जाताय? आधी तब्येतीचा हिशेब करा

अंबड तालुक्यातला ४१ वर्षांचा एक वेल्डर माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या उजव्या पायाचे एक बोट काळे पडले होते. दोन महिने दुबईत काम शोधून तो नुकताच परतला होता. त्याला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. जाताना त्याने एक महिन्याच्या गोळ्या नेल्या होत्या. काम लवकर लागेना, तेव्हा त्याने गोळी एक दिवसाआड केली, जेवण एका वेळेवर आणले आणि मेट्रोचे भाडे वाचवण्यासाठी नव्या बुटांत पायी फिरायला सुरुवात केली. बोटाला फोड आला. मधुमेहामुळे पाय बधिर झाले होते, त्यामुळे दुखले नाही आणि लक्षही गेले नाही. माझ्याकडे आला त्या दिवशी त्याची शुगर ४२० होती. शेवटी बोट काढावे लागले.

त्याच्या साध्या जेनेरिक गोळ्यांना जालन्यात महिन्याला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात दुबईत एक वेळचे जेवण जेमतेम होते. म्हणजे पैसे नव्हते म्हणून गोळ्या संपल्या असे नाही. निघताना तिकीट, व्हिसा आणि एजंट यांचा हिशेब झाला, तब्येतीचा झाला नाही.

आपल्या जिल्ह्यातली माणसे कामासाठी बाहेर जातात हे नवीन नाही. कोणी ऊसतोडीला जातो, कोणी पुण्याच्या कंपनीत. दुबईत मात्र आजारी पडल्यावर रात्रीच्या एसटीने घरी येता येत नाही. महागड्या शहरात पैसे संपू लागले की माणूस पहिली काटकसर जेवण, झोप आणि औषध यांवर करतो. ही काटकसर सर्वांत महाग पडते. ती करावी लागू नये म्हणून निघण्यापूर्वी काय करायचे आणि तिथे काय सांभाळायचे, ते या लेखात पाहू.

निघण्यापूर्वी कोणत्या तपासण्या कराव्यात?

निघण्याच्या साधारण ६ ते ८ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. शक्यतो एजंटला मोठी रक्कम देण्याआधीच भेटा. कारण आखाती देशांत मेडिकलमध्ये 'अनफिट' ठरलात तर भरलेले पैसे परत मिळवणे कठीण जाते.

- बीपी आणि शुगर: तिशीनंतर प्रत्येकाने तपासावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात ही तपासणी मोफत होते. मधुमेह असेल तर एचबीए१सी, क्रिएटिनिन, डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदना हेही पाहून घ्या.
- छातीचा एक्स-रे: पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर फुप्फुसावर राहिलेला जुना डागही मेडिकलमध्ये अडचण आणू शकतो. जुने एक्स-रे आणि उपचार पूर्ण केल्याचे कागद जपून ठेवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत मिळतात.
- एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी: सौदी, कुवेत यांसारख्या देशांसाठी भारतातच 'वाफिद' यादीतल्या केंद्रात मेडिकल करावे लागते. तिथे गावातल्या डॉक्टरांचे फिटनेस सर्टिफिकेट चालत नाही. दुबईत रहिवासी व्हिसा काढताना रक्ताची तपासणी आणि छातीचा एक्स-रे तिथेच होतो. दोष निघाला तर परत पाठवतात.
- दात: किडलेला दात इथेच दाखवून घ्या. परदेशात दातांचे उपचार फार महाग असतात आणि साध्या विम्यात बहुधा बसत नाहीत.

कोणी 'मेडिकलची सेटिंग करून देतो' म्हणाला तरी भुलू नका. इथे लपवलेला टीबी तिथल्या एक्स-रेमध्ये दिसतोच. तोपर्यंत तुमचे आणि खोलीतल्या इतरांचेही नुकसान झालेले असते.

औषधे नेताना काय काळजी घ्यावी?

नेहमीची औषधे शक्यतो तीन महिन्यांची न्या. मूळ पाकिटातच ठेवा, डब्यात सुट्या गोळ्या भरू नका. डॉक्टरांची चिठ्ठी छापील, इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ घटकाचे नाव असलेली घ्या. आपल्याकडचे ब्रँड तिथे मिळतीलच असे नाही, घटकाचे नाव असले की फार्मसीवाल्याला कळते. औषधे हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन विमानाच्या सामानात कधीही टाकू नका, तिथे ते गोठून निकामी होऊ शकते.

आपल्याकडे चिठ्ठीवर सहज मिळणारी काही औषधे संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. ट्रामाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम आणि प्रीगाबॅलिन ही त्यातली नेहमीची नावे. पायांच्या आगीसाठी मधुमेहाच्या अनेक रुग्णांना प्रीगाबॅलिन दिलेले असते, आणि ते नियंत्रित आहे हे त्यांना माहीतही नसते. अशी औषधे नेण्यासाठी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. परवानगी नसेल तर विमानतळावर अटकही होऊ शकते. मात्र घाबरून झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या एकदम बंद करू नका. पर्याय आपल्या डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट घरातल्या बायकांनाही सांगून ठेवा. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. काळा मसाला किंवा लाडू बांधून देताना त्यात खसखस नको.

'ऊन आपल्याला नवीन नाही' हा गैरसमज

जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, म्हणून आपल्या माणसाला दुबईच्या उन्हाची भीती वाटत नाही. पण दोन्हीकडच्या उन्हात फरक आहे. आपला उन्हाळा कोरडा असतो. घाम लगेच वाळतो आणि वाळताना शरीर थंड करतो. आखातात समुद्रामुळे हवा दमट असते. घाम अंगावर निथळत राहतो, वाळत नाही, आणि शरीरातली उष्णता बाहेर पडत नाही. रोलिंग मिलच्या भट्टीजवळ वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसालाही हा त्रास होऊ शकतो.

नव्या उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. उष्माघाताचा धोका याच दिवसांत सर्वांत जास्त असतो. म्हणून:

- उन्हातले काम असेल तर पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या साधारण २० टक्केच करावे आणि रोज थोडे वाढवावे. हे मुकादमाला आधीच सांगा.
- काम करताना दर १५-२० मिनिटांनी एक पेला पाणी प्या. तहान लागायची वाट पाहू नका.
- लघवीचा रंग पाहा. फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद असेल तर कमी पडते आहे.
- खूप घाम गेल्यावर ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मधुमेह असेल तर एरवी साधे पाणीच प्या.
- अंग दुखते म्हणून रोज डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेऊ नका. पाणी कमी आणि वेदनाशामक जास्त, यात मूत्रपिंड खराब होते.
- बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जाण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट, सकाळी ११ ते दुपारी ४ अशी बंदी असते. काम शोधत पायी फिरणाऱ्याला मात्र असा कोणताही नियम वाचवत नाही. मुलाखतीला सकाळी निघा, दुपारी सावलीत थांबा.

कमी पैशांत नीट कसे जेवावे?

पैसे वाचवायला बरेच जण खुबूस, म्हणजे तिथला मैद्याचा रोट, आणि गोड चहा यांवर दिवस काढतात. पोट भरते, पण प्रथिने मिळत नाहीत आणि शुगर वाढते. खोलीत स्वयंपाकाची सोय असेल तर चौघांनी मिळून शिजवणे सर्वांत स्वस्त पडते. मसूर, मूग, हरभरा आणि अंडी तिथेही परवडतात. ताक 'लबन' नावाने दुकानात मिळते. एक डाळ, एक भाजी आणि भात किंवा पोळी एवढे रोज दोन वेळा झाले तरी पुरे. कोल्ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंक हे पाण्याला पर्याय नाहीत.

मधुमेहाच्या रुग्णाने जेवण चुकवून गोळी घेऊ नये, आणि जेवण कमी केले म्हणून मनाने गोळीही बंद करू नये. अचानक घाम, थरथर किंवा भ्रम झाल्यासारखे वाटले तर लगेच साखर खा. खिशात साखरेची पुडी ठेवा. रोज रात्री दोन्ही पायांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. बूट इथूनच वापरून सैल केलेले न्या.

बेड स्पेसमध्ये राहताना

दुबईत कमी पगाराचा माणूस खोली घेत नाही, एक खाट भाड्याने घेतो. त्याला तिथे 'बेड स्पेस' म्हणतात. एका खोलीत सहा-आठ जण झोपतात. अशा जागी टीबी, फ्लू आणि खरूज लवकर पसरतात. एकाला खरूज झाली तर खोलीतल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे, नाहीतर ती फिरून येते. टॉवेल आणि पांघरूण आपले वेगळे ठेवा.

१२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि किमान ४५ भारतीय दगावले. म्हणून खोली घेताना भाड्याबरोबर बाहेर पडायचा रस्ताही पाहा. जिन्यात सामान रचलेले असेल किंवा खिडक्या कायमच्या बंद असतील, तर स्वस्त असली तरी ती जागा घेऊ नका.

विमा आणि व्हिसा यांचा तब्येतीशी काय संबंध?

अमिरातीत कामगाराचा आरोग्य विमा काढणे ही मालकाची जबाबदारी आहे. पण व्हिजिट व्हिसावर काम शोधणाऱ्याला मालकच नसतो. त्यामुळे त्याने प्रवास विमा इथूनच काढावा. त्यात जुन्या आजाराचा खर्च बसतो का, ते वाचून घ्यावे. व्हिजिट व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. अशा कामावर अपघात झाला तर नुकसानभरपाई मागायला हातात कागदच नसतो.

दहावी न झालेल्यांच्या ईसीआर पासपोर्टवर नोकरीसाठी रीतसर मंजुरी घेऊन गेल्यास 'प्रवासी भारतीय विमा योजना' लागू होते. २७५ रुपयांत दोन वर्षे किंवा ३७५ रुपयांत तीन वर्षे, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचे संरक्षण मिळते. एजंटने व्हिजिट व्हिसावर पाठवले तर हे संरक्षण हातचे जाते.

मनावरचा ताण

शेत गहाण टाकून किंवा व्याजाने पैसे घेऊन गेलेला माणूस 'काम लागले नाही' हे घरी सांगत नाही. फोनवर 'सगळे ठीक आहे' म्हणतो आणि रात्रभर जागा राहतो. झोप उडणे, भूक मरणे, छातीत धडधड, कोणाशी न बोलणे, 'माझ्यामुळे घर बुडाले' असे वारंवार वाटणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. हा आजार आहे, त्याला उपचार आहेत.

निघण्यापूर्वी घरच्यांसमोर दोन गोष्टी ठरवा: कोणत्या तारखेपर्यंत काम शोधायचे, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे कोणाकडे ठेवायचे. त्या पैशांना हात लावायचा नाही. तारीख आधीच ठरलेली असली की परत येण्यात हार वाटत नाही. व्हिसाची मुदत संपल्यावर दिवसाला ५० दिरहम दंड बसतो. तो वाढत गेला की माणूस आजारी असूनही पुढे येत नाही.

घरच्यांनी रोज 'लागले का काम?' विचारण्यापेक्षा 'जेवलास का? गोळी घेतलीस का?' हे विचारावे. तो मरणाची भाषा बोलू लागला तर ते गांभीर्याने घ्या. फोन चालू ठेवा, त्याच्या खोलीतल्या सोबत्याला जवळ थांबायला सांगा आणि मदत मागा. घरच्यांसाठी भारतात टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. अमिरातीतल्या भारतीयांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा ८००४६३४२ हा क्रमांक आहे.

लगेच दवाखान्यात कधी जावे?

- उन्हात असताना बरळणे, तोल जाणे किंवा शुद्ध हरपणे. हा उष्माघात असू शकतो, घाम येत असला तरीही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. बेशुद्ध माणसाला तोंडाने पाणी देऊ नका.
- छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणे.
- चेहरा वाकडा होणे, एका बाजूची ताकद जाणे.
- लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणे किंवा बंद होणे.
- मधुमेहात पायाला जखम, सतत उलट्या किंवा शुगर ३०० च्या वर राहणे.

अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८ लावा. पैशांच्या भीतीने थांबू नका. एक दिवसाचा उशीर बहुधा जास्त महाग पडतो.

थोडक्यात

तपासणी एजंटच्या पैशांआधी करा. तीन महिन्यांची औषधे आणि छापील चिठ्ठी सोबत न्या. पहिले दोन आठवडे उन्हाला जपा. परतीचे पैसे वेगळे ठेवा. काटकसर करायची वेळ आली तर मोबाइलचा रिचार्ज, कपडे आणि बाहेरचा चहा कमी करा. जेवण, झोप आणि औषध यांतले काहीही कमी करू नका. ज्या शरीराच्या जोरावर तुम्ही कमवायला निघाला आहात, ते धड राहिले तर एक नोकरी हुकली तरी दुसरी शोधता येते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःच्या औषधांत बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)