उन्हाळ्यांतील जुनी गाडी

नागपुरांतील कांहीं जुन्या घरांच्या अंगणांत अजूनहि एखादी प्रीमियर पद्मिनी उभी दिसते. वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीची ही गाडी. तिचें उत्पादन या शतकाच्या आरंभीं थांबलें. ‘ही आतां भंगारांत द्यावी’ असें घरांतील तरुण मंडळींचें मत पडतें, तें बहुधा मे महिन्यांत.

भर दुपारीं सीताबर्डीच्या गर्दींत खोळंबलेली गाडी बंद पडते, आणि दोष कार्बोरेटरच्या माथीं येतो. वास्तविक पेट्रोलांतील हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळूं लागतात. २३ मे २०१३ रोजीं या शहराचें तापमान ४७.९ अंशांवर गेलें होतें, आणि बॉनेटखालची उष्णता त्याहून कितीतरी अधिक! नळींत वाफ धरली कीं पंप वाफच ओढीत राहतो. मिस्त्री यास ‘एअर लॉक’ म्हणतात. कूलरच्या खसाला पाणी देतों, तसा पंपावर ओला फडका ठेवून पंधरा मिनिटें थांबावें. गाडी सुरू झाली, तर स्क्रूंना हात लावूं नये.

पहांटेच्या गारव्यांतहि इंजिन अडखळत असेल, तर मात्र तपासणी हवी. आधीं प्लग व पॉइंट पाहावे. प्लगवर कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरकेपणा म्हणजे कमी. जेट तारेनें कधींहि टोंचूं नये; त्यावरील आंकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो, आणि पितळ मऊ असतें. हवेच्या झोतानेंच तो साफ करावा.

नंतर, इंजिन बंद असतांना, मिश्रणाचा स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आंत नेऊन दीड फेरा बाहेर घ्यावा. इंजिन पुरतें तापवून, चोक उघडा ठेवून, तो पाव-पाव फेऱ्यानें फिरवावा; इंजिन जेथें सर्वांत जलद व एकसारखें चालेल, ती त्याची जागा. वाढलेला वेग दुसऱ्या स्क्रूनें उतरवावा. हें काम उघड्यावरच करावें. बंद गॅरेजांत तोच धूर जीव घेतो.

अलीकडे पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल असतें. त्यानें मिश्रण किंचित् विरळ होतें, जुनें रबर फुगतें, आणि तें पाणीहि शोषितें. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर फ्लोटची वाटी रिकामी करावी.

पी. यू. सी. केंद्रावर अशा गाडीस कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. दीड-दोन आला, तर विक्रीची चर्चा दिवाळीपर्यंत लांबविण्यास हरकत नाहीं.