विमानाला जोडलेली वीज
विमान थांबलं की त्याला एरोब्रिज लागतो आणि विजेची जाड केबलही. घरातली वीज ५० हर्ट्झची, विमानातली ४०० हर्ट्झची; वारंवारता जास्त असली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी हलक्या होतात. ही वीज मिळाली की शेपटीतलं छोटं इंजिन बंद ठेवता येतं, इंधन वाचतं.

केबलच्या प्लगला सहा पिना: चार मोठ्या, दोन छोट्या. प्लग ओढताना छोट्या पिना आधी सुटतात आणि मोठ्यांवर ठिणगी पडण्याआधीच पुरवठा तुटतो. त्यामुळे झिजलेला प्लग चालवून घेणं मला अक्षम्य वाटतं.

एरोब्रिजचं एक छोटं चाक विमानाच्या अंगाला टेकलेलं असतं. प्रवासी, सामान, इंधन यांच्या भाराने विमान खाली-वर होतं, चाक फिरतं आणि ब्रिजही तेवढाच हलतो. ते अडकलं तर खाली बसणाऱ्या विमानाचा उघडा दरवाजा ब्रिजच्या तळावर दाबला जाऊ शकतो.