वाकस चालता राहिला तर विद्या राहील

मृग तोंडावर आला की पूर्वी गावातले सर्वांत गर्दीचे ठिकाण म्हणजे सुताराचे दार. कुणाच्या तिफनीचे चाडे फुटलेले, कुणाच्या वखराचे जानावळे ढिले झालेले, कुणाच्या गाडीचा आरा निखळलेला. ज्याचे काम आधी होईल त्याची पेरणी आधी होणार, म्हणून प्रत्येकाची घाई. सुतार मात्र घाई करीत नसे. लाकूड हातात घेऊन, उलटसुलट फिरवून, मगच त्यावर वाकस टाकी.

आज हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठल्याही तालुक्यात जा. पेरणी ट्रॅक्टरवर आली, तिफन लोखंडी झाली, गाडीला रबरी टायर आले. यात वाईट काही नाही. कष्ट कमी झाले, वेळ वाचला. पण जुनी तिफन माळ्यावर पडली, पुढे एखाद्या पावसाळ्यात चुलीत गेली, आणि ती घडविणारा हातही थकला. शेकडो वर्षे बापाकडून लेकाकडे आलेली ही विद्या आता कोणाच्या हवाली करायची, हा प्रश्न आहे. तो एकट्या आपल्याच मुलखाला पडला आहे असेही नाही. दुसऱ्या देशांना तो आपल्या आधी पडला, आणि त्यांनी त्यावर काढलेली एक तोड जाणून घेण्यासारखी आहे.

पगारी सुतार

संग्रहालय म्हटले की आपल्यापुढे काचेची कपाटे आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी उभी राहते. पण स्वीडन देशाच्या राजधानीत, स्टॉकहोम शहरात, आर्थर हॅझेलियस या गृहस्थांनी १८९१ साली निराळाच खटाटोप केला. गावोगावची जुनी घरे सोडवून आणली आणि एका टेकडीवर मोकळ्या आभाळाखाली पुन्हा उभी केली. या संग्रहालयाचे नाव स्कॅन्सन. घरे आणली तशी त्यांत जुनी कामे करणारी माणसेही बसविली. अशा ठिकाणाला जिवंत संग्रहालय म्हणतात.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग नावाचे जुने गाव आहे. १६९९ ते १७८० पर्यंत ही व्हर्जिनियाची राजधानी होती. राजधानी हलली, गावाची रया गेली. १९२६ पासून रॉकफेलर या धनिकाच्या पैशातून तिथली जुनी घरे दुरुस्त करण्याचे आणि पडलेली पुन्हा बांधण्याचे काम सुरू झाले. आज तिथे घरे बांधणारे सुतार, कपाटे-खुर्च्या करणारे सुतार, गाडीची चाके करणारे सुतार, लाकडी पिंपे करणारे कारागीर असे सगळे आपापल्या जागी काम करताना दिसतात. अंगात अडीचशे वर्षांपूर्वीचा पोशाख, हातात त्याच काळची अवजारे. ही नाटकातली सोंगे नव्हेत. नवशिके उमेदवार म्हणून लागतात, कित्येक वर्षे उस्तादाच्या हाताखाली काढतात, काम पसंत पडले तरच पुढची पायरी चढतात. त्यांनी केलेली चाके तिथल्याच गाड्यांना बसतात, त्यांनी घडविलेल्या तुळया तिथल्याच घरांना लागतात.

त्या सुताराचे काम दुहेरी असते. हात लाकडावर आणि तोंड पाहुण्यांशी. रोज तेच प्रश्न येतात. हे लाकूड कोणते? एका चाकाला किती दिवस लागतात? खिळा का मारीत नाही? हजाराव्यांदा विचारले तरी पहिल्यांदाच विचारल्यासारखे उत्तर द्यायचे, आणि बोलता बोलता पटाशी सुटू द्यायची नाही. शिवाय त्याला अभ्यासही करावा लागतो. जुन्या खांबावरचे वाकसाचे घाव पाहून तो कसा तासला असेल हे ओळखायचे, जुन्या कारागिरांच्या हिशेबाच्या वह्या वाचायच्या. तिथले एक सुतार रॉय अंडरहिल यांनी तर १९७९ पासून अमेरिकेच्या दूरदर्शनवर हातकामाची सुतारकी शिकविली आणि ती घरोघरी पोहोचविली.

आपल्या देशात काय आहे?

आपल्याकडेही काही झालेच नाही असे नाही. पुण्यात दिनकर केळकर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभारले. हिंडून हिंडून जमविलेले कोरीव दरवाजे, दिवे, अडकित्ते अशा वस्तूंचा हा ठेवा त्यांनी १९७५ साली महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. कोल्हापूरजवळ कणेरी येथे सिद्धगिरी मठाने जुने गावच पुतळ्यांच्या रूपाने उभे केले आहे. बलुतेदार, शेतकरी, बाया, पोरे, गुरे सगळे आपापल्या कामात आहेत. सुतारही आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जावे, कारण त्यांनी हे जग पाहिलेलेच नाही.

पण पुतळ्याला प्रश्न विचारता येत नाही, आणि त्याच्या हातून चाक घडत नाही. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात १९७२ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या खेड्याच्या घरांत देशभरच्या कारागिरांना पाळीपाळीने बोलावून, लोकांसमोर काम करायला लावून, त्यांचा माल तिथेच विकू देण्याची पद्धत पडली. चेन्नईजवळ मुट्टुकाडूला १९९६ साली दक्षिणचित्र हे संग्रहालय सुरू झाले. तिथे दक्षिणेतली जुनी घरे विकत घेऊन, सोडवून, पुन्हा जशीच्या तशी बांधली आहेत. असे घर सोडविताना कोणती तुळई कुठल्या खांबावर होती याची खूण ठेवावी लागते, सांधे न फोडता उकलावे लागतात. हे सुताराशिवाय कोणाला जमणार?

चाक पुस्तकात का मावत नाही

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? चित्रे काढून ठेवा, मापे लिहून ठेवा. गाडीचे चाक डोळ्यांसमोर आणा, म्हणजे उत्तर मिळेल.

मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसविलेले पुठ्ठे आणि वरून लोखंडी धाव. बहुतेक चाकांना बारा आरे, सहा पुठ्ठे. एका पुठ्ठ्यात दोन आरे. एवढे कागदावर मावते. पण बाभूळ किती वाळली म्हणजे तुंब्याला चालेल हे सुतार वजनावरून आणि ठोकल्यावर येणाऱ्या आवाजावरून ओळखतो. ओल्या लाकडाचा तुंबा केला तर वैशाखाच्या उन्हात तो आकसतो आणि आरे खिळखिळे होतात. आऱ्याचे टोक तुंब्याच्या भोकापेक्षा केसभर जाड ठेवायचे; जास्त ठेवले तर तुंबा तडकतो, कमी ठेवले तर आरा हलतो. हे ‘केसभर’ कुठल्याही पट्टीवर नाही.

मग लोहाराची पाळी. धाव चाकाच्या घेरापेक्षा थोडी आखूड ठेवायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, ती फुगली की चाकावर बसवून वरून पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि सगळे सांधे करकचून आवळले जातात. सुतार आणि लोहार यांच्यात एकाचाही अंदाज चुकला तर चाक वाया. उन्हाळ्यात लाकूड सुकून चाक ढिले झाले की शेतकरी ते नदीच्या डोहात टाकून ठेवी, ते का, हेही आता पोरांना सांगावे लागते.

तिफनीचेही तेच. दिंडात फण किती अंतरावर आणि किती तिरपे बसवायचे, नांगराचे हाळीस कुठे धरायचे, हे जमीन पाहून आणि बैलांची उंची पाहून ठरे. ट्रॅक्टरमागच्या पेरणीयंत्राचे मूळ काम तेच आहे: बी सारख्या अंतरावर, सारख्या खोलीवर पडावे. ते आपल्या गावच्या सुताराने लाकडात साधले होते.

घरातल्या बायकांचाही सुताराशी तेवढाच संबंध. पोळपाट, लाटणे, रवी, मुसळ, जात्याचा खुंटा, पाळणा, लेकराचा पांगुळगाडा, देव्हारा हे सगळे त्याच हातचे. आणि आपल्या मराठवाड्यातली माळवदाची घरे तर त्याच्याच जिवावर उभी. खांब, तुळया, कड्या, त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. आज माळवद पाडून स्लॅब टाकताना सागाचे कोरीव खांब व्यापाऱ्याला विकले जातात आणि शहरातल्या हॉटेलात शोभेला उभे राहतात.

बलुते गेले, कसब जाऊ नये

मागचे सगळे सोन्याचे होते असे कोणी समजू नये. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या पुस्तकात बलुत्याची सगळी रीत नोंदविली आहे. सुतार बलुतेदारांच्या थोरल्या ओळीतला, त्यामुळे त्याला मान होता. पण वर्षभर राबून खळ्यावर जे पदरात पडेल ते घ्यायचे. दुष्काळ पडला की त्याचीही चूल थंड. जातीने धंदा ठरलेला, दुसरी वाट नाही. अशा बांधणीतून सुताराची पोरे शिकून नोकरीला लागली, शहरात फर्निचरच्या कामाला गेली, हे योग्यच झाले. बलुते परत आणायचे नाही. आणायचे आहे ते एवढेच की ज्याला हे काम येते त्याला त्याबद्दल रोख मोबदला आणि मान मिळावा, आणि ज्याला शिकायचे आहे त्याला जात न विचारता शिकता यावे. विल्यम्सबर्गचा सुतार पगार घेतो. म्हणून त्याच्याजवळ उमेदवार येतात.

आपल्याला काय करता येईल?

हिंगोलीत असे संग्रहालय उभे राहील तेव्हा राहो. तोवर फारसा खर्च न करता करण्यासारखी कामे पुष्कळ आहेत.

माळ्यावरची तिफन, वखर, जू, मोट-नाड्याचे सामान जाळू किंवा विकू नका. वाळवी लागू नये म्हणून जमिनीवर न ठेवता दगडावर ठेवा, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. प्रत्येकाचे नाव, भागांची नावे आणि कोणी केले ते चिठ्ठीवर लिहून बांधा. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने एक खोली दिली तर गावचे छोटे संग्रहालय तिथेच झाले.

गावात जुना सुतार असेल तर त्याच्याकडून एक चाक, एक तिफन मुद्दाम करवून घ्या, पूर्ण मजुरी देऊन. शेजारी दोन पोरे बसवा आणि मोबाइलवर सगळे काम टिपून ठेवा, नुसते हात नव्हे, त्याचे बोलणेही. पोळ्याच्या सुमारास शाळेने त्याला एक दिवस बोलवावे. हिंगोलीच्या दसऱ्याचे प्रदर्शन पाहायला दूरदूरची माणसे येतात. तिथे चालत्या वाकसाचे एक दुकान लागले तर लोक पाळण्याइतकीच गर्दी करतील. शेजारच्या विदर्भात तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी लागतात, तीही एक बाजारपेठ आहे.

सुतारकाम करणाऱ्या कुटुंबांनी केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेची चौकशी जरूर करावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेत १८ हातधंदे असून सुतारकाम त्यांत आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत मिळून ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज, अशी तिची मांडणी आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते.

औंढ्याच्या देवळावरचे दगडातले कोरीवकाम शतके झाली तरी उभे आहे. लाकडाचे आयुष्य तेवढे नसते. ते एका हाताने दुसऱ्या हाताला शिकवीतच पुढे जाते. म्हणून वस्तू जपा, पण त्याआधी ती घडविणारा माणूस जपा. या पेरणीची घाई सरली की आपल्या गावच्या सुतारबाबांच्या दारात जाऊन बसा आणि नातवालाही बरोबर न्या.