पाच लाकडी कोठारांचं गाव

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या पश्चिम टोकाला इंग्लिस नावाचं छोटं गाव आहे. तिथे जाताना घरांच्या आधी नजरेत भरतात ती धान्याची कोठारं. सत्तर-ऐंशी फूट उंच, लाकडी, एका ओळीत पाच.

या मुलखात शेती करायला येणाऱ्याला १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर शुल्कात १६० एकर जमीन मिळे. ती बेवारस मात्र नव्हती. ओजिब्वे आणि क्री लोकांना करारांच्या कागदांवर राखीव तुकड्यांत ढकलून ती मोकळी केली गेली. वारसा सांगताना एवढं सांगायलाच हवं.

१९२२ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा फाटा आला आणि इंग्लिसला बाजार मिळाला. कोठारं १९२२ ते १९४१ या काळात उभी राहिली. प्रेअरीवर, म्हणजे इथल्या गवताळ मैदानी मुलखात, अशी कोठारं रुळांकाठी दर दहा-पंधरा किलोमीटरवर असत, कारण गव्हाने भरलेली घोडागाडी दिवसभरात तेवढीच जाऊन परत येई.

आतली रचना पाहण्यासारखी आहे. गाडी थेट काट्यावर चढे. वजन झालं की गहू खालच्या खड्ड्यात ओतायचा. तिथून पट्ट्यावर बसवलेले डबे तो माथ्यापर्यंत उचलून नेत. आपलं रहाटगाडगंच, फक्त पाण्याऐवजी धान्याचं. वरून नळ्यांतून प्रतवारीनुसार तो वेगवेगळ्या कप्प्यांत पडे आणि पुढे आपल्याच वजनाने मालगाडीच्या वाघिणीत उतरे. धान्याचा रेटा प्रचंड, म्हणून भिंती फळ्या आडव्या रचून, एकीवर एक खिळे ठोकून बांधलेल्या. पट्टा फिरवणारं इंजिन वेगळ्या खोलीत, कारण धान्याच्या धुळीला एक ठिणगी पुरते.

१९३० च्या दशकात प्रेअरीवर अशी साडेपाच हजारांहून जास्त कोठारं होती. मग ट्रक आले, अंतरं आटली, मोठ्या काँक्रीटच्या कोठ्या आल्या. धान्याच्या रेल्वेभाड्यावरचं सरकारी अनुदान १९९५ मध्ये थांबलं आणि शाखामार्ग भराभर बंद पडले. गावोगावी कोठारं पाडली गेली. इंग्लिसचा फाटाही गेला, पण गावकऱ्यांनी आपली ओळ पडू दिली नाही. आज ही ओळ राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, आणि हे श्रेय मी आधी गावाला देईन, मग सरकारला.

मॅनिटोबाची राजधानी विनिपेगला मुलाबाळांकडे जाणाऱ्यांनी उन्हाळ्यात चारेक तासांची ही वाट जरूर धरावी. कोठारं आतूनही पाहता येतात.