साठीनंतर लोहारकाम शिकायचंय? आधी भाता ओढा!

शेलार म्हटले की मागांची खटखट आठवते, ऐरणीचा आवाज नाही. पण आयुष्यभर माग चालवून किंवा नोकरी करून घरी बसलेल्या कुणाच्या हातांना लोखंड घडवायची हौस असेल, तर वाचकहो, जरूर शिका. मात्र पैसे काढून ऐरण-भाता आणायला धावू नका. आधी लोहार गाठा.

गावचा लोहार पूर्वी बलुतेदार. वर्षभर फाळ, कोयते, विळे करून द्यायचा आणि खळ्यावर भात न्यायचा. ट्रॅक्टर आले, फाळाचे काम सुटले, पोरे ग्रिल-वेल्डिंगकडे वळली. आता एखादा म्हातारा लोहार सापडला तर त्याच्या हातची विद्या घ्यायला घरातलेच कोणी नसते. तो नसेल तर पाल टाकून बसणारे घिसाडी बघा. त्यांच्यात घण बाईसुद्धा मारते. साठीच्या गड्याने तिथे मिशीला पीळ न देता नीट पाहावे.

पहिले काही दिवस नुसता भाता ओढा आणि रंग ओळखा. पोलाद पिवळसर-नारिंगी असताना ठोकायचे. लाली विझत आल्यावर ठोकत बसाल तर चीर जाते, आणि पांढऱ्या ठिणग्या उडाल्या म्हणजे ते जळाले. उन्हात हे रंग कळत नाहीत, म्हणून भट्टीवर सावली हवी. मोतीबिंदू असेल तर आधी त्याचे बघा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. घण नकोच, किलोभराचा हातोडा पुरे.

सुरुवात साध्या गजाच्या आकड्यापासून करा. विळा-कोयता नंतर. त्याला लागणारे पोलाद भिवंडीत मुबलक. इतकी गोदामे, इतके ट्रक. त्यांचे तुटके पाटे भंगारात मिळतात. मागाचे बिडाचे भाग मात्र घेऊ नका, बीड घडत नाही, फुटते. जस्ताचा मुलामा दिलेला पाइपही भट्टीत नको, त्याच्या धुराने ताप भरतो. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा कोणी देऊ केला तर पावती मागा. चोरीचा निघाला तर १९६६ च्या कायद्याने तुम्हीच अडकाल.

खरी कसोटी पाणी देण्यात. लोहार रंगावरून ओळखतो, तुम्ही लोहचुंबक ठेवा. सुमारे ७७० अंशांना ते चिकटेनासे होते. त्याहून जरा जास्त तापवून पाटा तेलात बुडवावा; पाण्यात तडकण्याची भीती. मग मंद आचेवर धारेला फिकट पिवळा रंग चढू द्यायचा, नाहीतर धार काचेसारखी उडते. तेलाचा भडका होतो, झाकण हाताशी हवे. अंगात कपडे सुतीच. सिंथेटिक वितळून कातडीला चिकटते. आणि सूत, चिंध्या, मागावरचा कापूस असेल तिथे भट्टी अजिबात नको. शेलारमध्ये ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

शिकवणीचे पैसे रोख द्या. बलुत्याचे दिवस गेले. शिकल्यावर स्वस्तात विळे विकून त्याचेच गिऱ्हाईक तोडू नका. २०२३ च्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहारकाम आहे, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आहे. ती हौशी माणसासाठी नाही, पण त्याच्यासाठी आहे. नोंदणीचे काय ते ग्रामपंचायतीत विचारून त्याचे कागद करून द्या.

मृगाच्या आणि कापणीच्या तोंडावर त्याच्या दारात अवजारांची रांग असते. तेव्हा नको. भात खळ्यावर आले की जा, आणि जाताना घरातला बोथट विळा सोबत न्या.