दर बेचाळीस सेकंदांनी

संपादकांनी मला पाठवलं होतं ते जुने संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसांवर लिहायला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या नावाने डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक वर्कशॉप आहे. मालकांना सगळी गल्ली काका म्हणते. मी पोचलो तेव्हा काका स्टुलावर बसून, हातात घड्याळ धरून ‘पथेर पांचाली’ बघत होते. पडद्यावर काशफुलांचं रान होतं.

“आता बघा,” म्हणाले.

कॅमेरा सावकाश सरकत होता. मला काहीच वेगळं दिसलं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी आधीच बोट वर केलं, आणि तेव्हा दिसलं. सरळ चाललेल्या चित्राचं पाऊल क्षणभर अडखळलं.

“बेचाळीस सेकंद. दर वेळी.”

ज्यातून चित्र येत होतं तो संगणक मिठाईच्या दोन किलोंच्या खोक्याएवढा होता. आत १७ सेंटिमीटर लांब-रुंद मदरबोर्ड, लॅपटॉपमध्ये असतो तसा पातळ ब्ल्यू-रे ड्राइव्ह, आणि पंख्याऐवजी ॲल्युमिनियमची पाती. पंखा मुद्दामच नाही, कारण शांत प्रसंगात पंख्याची घरघर ऐकू आली की सिनेमा संपला, असं काकांचं मत. अशी खोकी ते गिऱ्हाइकांना जोडून देतात. मागणी थोडीच असते, पण येणारा माणूस वेडा असतो, हा शब्दही त्यांचाच.

मूळ काम राहिलं बाजूला. मी पुढचे तीन शनिवार तिथेच गेलो.

ब्ल्यू-रेची जन्मकथा थोडक्यात सांगता येते. शूजी नाकामुरा यांनी जपानच्या निचिया कंपनीत १९९०च्या दशकात आधी तेजस्वी निळा दिवा आणि मग निळा लेझर बनवून दाखवला. दिव्याच्या शोधासाठी त्यांना २०१४ साली आकासाकी आणि आमानो यांच्यासह नोबेल मिळालं. २००६ साली त्या निळ्या लेझरवर चालणाऱ्या ब्ल्यू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोन्ही तबकड्या बाजारात आल्या, आणि फेब्रुवारी २००८मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद केली.

खरी गंमत डोळा जवळ नेल्यावर कळते. काकांनी उघडा ड्राइव्ह हातात दिला. हरभऱ्याच्या डाळीएवढं भिंग बारीक तारांवर तरंगत असतं. डीव्हीडीचा लाल किरण ६५० नॅनोमीटर लांबीच्या लहरीचा, हा निळसर जांभळा ४०५चा. लहर आखूड, म्हणून ठिपका बारीक, म्हणून माहितीच्या ओळी दाट लिहिता येतात. डीव्हीडीवर दोन ओळींमध्ये ०.७४ मायक्रोमीटर अंतर असतं, इथे फक्त ०.३२. त्यामुळे तेवढ्याच १२ सेंटिमीटरच्या तबकडीवर एका थरात ४.७ ऐवजी २५ जीबी मावतात. पण ठिपका बारीक करायला भिंग तबकडीच्या अगदी जवळ आणावं लागतं. म्हणून माहितीचा थर पृष्ठभागाखाली केवळ ०.१ मिलिमीटरवर ठेवलाय. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर आत असतो. फिरणारी तबकडी जराशी डुलतेच, आणि ते भिंग विद्युतचुंबकाच्या ओढीने सेकंदाला कितीतरी वेळा वरखाली होत तिच्या पाठोपाठ राहतं. मुंबईच्या पावसाळ्यात याच भिंगावर दमट धुळीचा थर बसतो. काका ते ब्लोअरच्या फुंकरीने साफ करतात, कापूस लावू देत नाहीत.

आता त्या बेचाळीस सेकंदांकडे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चित्रित होतो. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्ही आणताना रंगाचा संदेश आवाजाच्या संदेशात मिसळू नये म्हणून चित्रांचा वेग हजारात एका भागाने कमी केला गेला. सिनेमाचा वेगही त्यापायी २३.९७६ झाला आणि तोच बहुतेक ब्ल्यू-रेवर उतरला. आपल्याकडे दूरदर्शनची पाल पद्धत २५ची. म्हणजे सव्वाशे मिनिटांचा सिनेमा आपण दोन तासांत बघायचो, पात्रं थोडी घाईत आणि आवाज जरा चढा. आपण त्याच आवाजावर वाढलो.

संगणकाने टीव्हीला बरोबर २४ चित्रं द्यायची ठरवली आणि तबकडीवर २३.९७६ असली, तर दर सेकंदाला ०.०२४ चित्र कमी पडतं. ते साठत साठत सुमारे ४२ सेकंदांनी एक अख्खं चित्र कमी पडतं, आणि मग संगणक आधीचंच चित्र पुन्हा दाखवतो. सव्वाशे मिनिटांत हे १८० वेळा होतं. इंटेलच्या २०११ सालच्या चिपांमध्ये हा दोष होता, पुढच्या पिढ्यांत तो गेला. काकांसमोरचं खोकं त्याच काळातलं. दुसरा कोणी म्हणाला असता, कोणाला दिसतंय! मला आता दिसतं. तिसऱ्या शनिवारी काकांनी बोर्ड बदललेला होता. कॅमेरा काशफुलांवरून सरकला तो अखंड. मी घड्याळ न बघता पूर्ण रीळ पाहिलं.

ही तबकडी एका निवृत्त शिक्षकांची होती. न्यू जर्सीहून लेकीने आणलेली, क्रायटेरियन या कंपनीने २०१५ साली काढलेली. १९९३ साली लंडनमधल्या आगीत होरपळलेल्या निगेटिव्ह दुरुस्त करून हा सिनेमा परत उभा केला गेला आहे. पण तबकडी अमेरिकेच्या ए विभागाची आणि भारत पडतो सी विभागात. त्यांच्या घरच्या प्लेअरने ती नाकारली, म्हणून ते इथवर आले. संगणकावर विभाग ठरतो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि तोही मोजक्याच वेळा बदलता येतो.

इथून पुढे काकांचा सूर बदलला. सुट्या भागांची अडचण त्यांना वाटत नाही. त्यांना भीती कुलपांची. तबकडीवरचं चित्र एएसीएस नावाच्या कुलपात असतं. त्याच्या किल्ल्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना मिळतात, आणि देणारे त्या रद्दही करू शकतात. २००७ साली विनडीव्हीडी या सॉफ्टवेअरच्या किल्ल्या फुटल्या आणि रद्द झाल्या. ज्यांनी ते सॉफ्टवेअर पैसे मोजून घेतलं होतं त्यांनी अद्ययावत आवृत्ती घातली नाही तर नव्या तबकड्या त्यांना बंद. दुसरं कुलूप वायरवर, एचडीसीपी. संगणक आणि टीव्ही यांची ओळख पटली नाही की पडदा काळा. मधे जुना ॲम्प्लिफायर जोडलेला असला तर ओळख पटत नाही असं वारंवार घडतं.

सगळ्यात वाईट गोष्ट ४के तबकडीची. ती संगणकावर अधिकृतपणे चालवायची तर प्रोसेसरमध्ये एसजीएक्स नावाचा बंदिस्त कप्पा लागतो. तो इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या सातव्या ते दहाव्या पिढीत मिळाला. अकराव्यापासून तो काढून टाकला. म्हणजे आजचा महागातला महाग नवा संगणक घेतलात तरी तुमच्या मालकीची ४के तबकडी त्यावर त्या मार्गाने लागणार नाही, आणि कपाटातल्या जुन्यावर लागू शकेल. तबकडी विकताना खोक्यावर हे कुठेच छापलेलं नसतं. ग्राहकाने पूर्ण दाम मोजलेला असतो. हा अन्याय आहे.

फेब्रुवारी २०२५मध्ये सोनीने कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्या बनवणं थांबवलं. काकांच्या खणात सातव्या पिढीचे चार प्रोसेसर आहेत, स्पंजमध्ये खोचून ठेवलेले. ते विकायला नाहीत. ज्याच्या घरी तबकड्या आहेत त्यालाच खोक्यासकट मिळतील.

तुमच्या घरी ब्ल्यू-रे असतील तर त्या चालवणारा जुना संगणक भंगारात काढू नका. तो सातव्या ते दहाव्या पिढीतला असेल तर मुळीच नको. ड्राइव्ह चालू आहे का, हे या आठवड्यात एकदा तबकडी घालून बघा.