योजनाकाराचा वेळ आणि पडद्यामागील साहाय्य

बँकेची एखादी नवी ठेव योजना जाहीर होते तेव्हा ग्राहकाच्या हाती पडते ते एक लहानसे माहितीपत्रक. व्याजदर, मुदत, किमान रक्कम, मुदतपूर्व ठेव मोडल्यास व्याजात होणारी कपात आणि नामनिर्देशनाची सोय एवढाच मजकूर त्यावर असतो. हे माहितीपत्रक छापले जाण्यापूर्वी कोणीतरी ठेवीदारांच्या गरजांचा विचार केलेला असतो, इतर बँकांच्या योजना अभ्यासलेल्या असतात, मालमत्ता-दायित्व समितीपुढे व्याजदराचे समर्थन केलेले असते आणि संगणक प्रणालीत नव्या योजनेचा संकेतांक उघडून घेतलेला असतो. मुख्य कार्यालयातील या अधिकाऱ्यास अलीकडे ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ असे संबोधले जाते. त्याने विचार करावा, ही संस्थेची त्याच्याकडून मुख्य अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्याच्या दिवसाचा मोठा भाग शाखांचे दूरध्वनी घेण्यात, तक्ते जुळविण्यात आणि परिपत्रकांचे खुलासे लिहिण्यात जातो. त्याचा हा वेळ मोकळा करणाऱ्या साहाय्यक भूमिकांचा विचार आता व्यवस्थापनशास्त्रात स्वतंत्रपणे होऊ लागला आहे.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. उत्पादन व्यवस्थापनाचा उगम सामान्यतः १३ मे १९३१ रोजीच्या एका टिपणात शोधला जातो. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीत कॅमे साबणाच्या जाहिरातींचे काम पाहणारे नील मॅकएलरॉय यांनी ते लिहिले. त्याच कंपनीच्या आयव्हरी या नामांकित साबणापुढे कॅमेकडे पुरेसे लक्ष दिले जात नव्हते. प्रत्येक नाममुद्रेची संपूर्ण जबाबदारी एका माणसावर असावी, असे मॅकएलरॉय यांनी सुचविले. पुढे १९४८ मध्ये ते त्या कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९५७ ते १९५९ या काळात अमेरिकेचे संरक्षणमंत्रीही होते. या टिपणाचा उल्लेख पुष्कळदा होतो, परंतु त्यातील एका भागाकडे सहसा दुर्लक्ष होते. त्यांनी केवळ नाममुद्रेच्या प्रमुखाची कर्तव्ये लिहिली नव्हती. त्याच्या साहाय्यकांची आणि बाजारात हिंडून प्रत्यक्ष पाहणी करणाऱ्या माणसांची कामेही त्यांनी सांगितली होती, आणि टिपणाचा मूळ हेतू अधिक माणसांची मागणी करणे हाच होता. एकट्या माणसाच्या खांद्यावर हा भार टाकून भागणार नाही, हे या पदाच्या जन्माच्या वेळीच लिहून ठेवलेले आहे. नंतरच्या पिढ्यांनी पद उचलले आणि साहाय्यक वगळले, असे म्हणावेसे वाटते.

संगणक आज्ञावली तयार करणाऱ्या कंपन्यांनी गेल्या दशकात या साहाय्यास ‘प्रॉडक्ट ऑपरेशन्स’ असे नाव दिले. मेलिसा पेरी आणि डेनिस टिलेस या लेखिकांचे याच नावाचे पुस्तक २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या कामाचे तीन आधारस्तंभ मानले आहेत : व्यवसायाची आकडेवारी, ग्राहक व बाजारपेठ यांची माहिती, आणि कामाच्या पद्धती. शब्द परके असले तरी बँकेतील जुन्याजाणत्या कर्मचाऱ्यास यात अपरिचित काही वाटू नये. विवरणपत्रे, तक्रार नोंदवही आणि परिपत्रके या तीन गोष्टी प्रत्येक बँकेत पूर्वापार आहेत. त्या तिन्हींचा योजनेच्या विचाराशी रोजचा संबंध जोडण्याचे काम कोणा एकाकडे सोपविणे, हा यातील खरा बदल होय.

या कामाची व्याप्ती एका अलीकडच्या उदाहरणावरून कळून येईल. बँकिंग कायदे सुधारणा अधिनियम, २०२५ मधील नामनिर्देशनाविषयीच्या तरतुदी १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. ठेव खात्यास आता चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. ते एकाच वेळी सर्वांच्या नावे, प्रत्येकाचा वाटा ठरवून करता येते, किंवा एकामागून एक अशा क्रमाने करता येते. सुरक्षित जमा कक्ष अर्थात लॉकर आणि बँकेच्या ताब्यातील वस्तू यांच्या बाबतीत मात्र केवळ क्रमवार नामनिर्देशनाची मुभा आहे. ग्राहकाच्या दृष्टीने हा बदल चार ओळींत सांगून संपतो. बँकेच्या दृष्टीने तो तेथून सुरू होतो. अर्जाचा नमुना बदलावा लागतो. वाट्यांची बेरीज बरोबर १०० टक्के झाल्याखेरीज अर्ज पुढे जाणार नाही, अशी व्यवस्था प्रणालीत करावी लागते. लॉकरच्या अर्जात वाट्यांचा रकाना चुकूनही दिसता कामा नये. शाखांसाठी परिपत्रक, कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण आणि ग्राहकांसाठी सूचनाफलक हे सर्व वेगवेगळ्या भाषांत तयार व्हावे लागते. मदुराईच्या शाखेत तमिळ, सिलिगुडीत बंगाली आणि सोलापुरात मराठी मजकूर एकाच अर्थाचा असला पाहिजे. ‘एकाच वेळी’ आणि ‘एकामागून एक’ यांच्या भाषांतरात गफलत झाली, तर ती खातेदाराच्या मृत्यूनंतरच उघडकीस येईल, आणि तेव्हा ती निस्तरायला खातेदार नसेल.

हे सर्व काम अत्यावश्यक आहे, पण ते प्रॉडक्ट मॅनेजरनेच करावे असे नाही. त्याने पाहायचे ते वेगळेच. एकट्या राहणाऱ्या वृद्ध ठेवीदारास चार नावांची सोय खरोखर समजते आहे काय? जुन्या खात्यांपैकी किती खात्यांत नामनिर्देशनच नाही, आणि त्या खातेदारांपर्यंत कसे पोहोचावे? भाषांतर, प्रणालीची चाचणी आणि शाखांच्या शंकांचे निरसन या कामांसाठी जाणकार साहाय्यक असेल, तरच या प्रश्नांना त्याच्या दिवसात जागा मिळते.

तक्रारींच्या बाबतीत हा भेद अधिकच ठळक होतो. अयशस्वी व्यवहारांसंबंधी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढून निश्चित कालमर्यादा घालून दिली. एटीएममधून रोकड बाहेर आली नाही आणि खाते मात्र नावे पडले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम परत जमा झाली पाहिजे. यूपीआयद्वारे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस पाठविलेली रक्कम पोहोचली नाही, तर ही मर्यादा एका दिवसाची आहे. विलंब झाल्यास प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई द्यावयाची, आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. ग्राहकाने तक्रार केली नसली तरी बँकेस स्वतःहून कळले पाहिजे की अमुक खात्यातील रक्कम अडकली आहे. त्यासाठी रोजच्या रोज ताळमेळ घालावा लागतो. हे काम परिचालन विभाग करतो, आणि नेटाने करतो.

मात्र ताळमेळाने त्या दिवसापुरता प्रश्न सुटतो. तोच व्यवहार, त्याच प्रकारच्या यंत्रावर, महिन्याच्या त्याच तारखांना का फसतो, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते मिळण्यासाठी तक्रारींचे वर्गीकरण नीट व्हावे लागते, आणि येथे एक अगदी सामान्य अडचण आडवी येते. तक्रार नोंदविताना संगणकावर कारणांची यादी येते. समोर रांग खोळंबलेली असते, यादी लांबलचक असते, आणि तिच्या तळाशी ‘इतर’ असा पर्याय असतो. काउंटरवरील कर्मचारी ‘इतर’ निवडून मोकळा होतो. यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण महिनाअखेरीस मुख्य कार्यालयात जो तक्ता पोहोचतो, त्यात सर्वांत मोठा आकडा ‘इतर’चा असेल तर त्यावरून कोणताही निर्णय घेता येत नाही. या ढिगातील तक्रारी वाचून काढणे, त्यातील दहा-बारा कारणे वेगळी करणे, शाखांशी बोलून कारणांची यादी सुटसुटीत करणे, हे कष्टाचे आणि कोणाच्या नजरेत न भरणारे काम आहे. परिचालन साहाय्यकाची खरी किंमत अशा ठिकाणी कळते.

साहाय्यकाने तयार केलेल्या एका साध्या यादीने कर्जदाराचे केवढे हित साधू शकते, हे गृहकर्जाच्या उदाहरणाने दाखविता येईल. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य मानकाशी जोडली गेली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४.०० टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला. समजा, एखाद्याने या वाढीच्या तोंडावर ३० लाख रुपयांचे कर्ज २० वर्षांसाठी ७ टक्के दराने घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे २३,२५९ रुपये येतो. पहिले दहा महिने हाच दर राहिला असे धरले, तर दहा हप्त्यांनंतर मुद्दल सुमारे २९ लाख ४१ हजार उरते. आता दर ९.५ टक्के झाला, तर एका महिन्याचे व्याजच सुमारे २३,२८२ रुपये होते. हप्ता आहे तेवढाच ठेवला, तर तो व्याजालाही पुरत नाही. कर्जदार दरमहा नियमाने पैसे भरतो आणि त्याचे कर्ज मात्र कमी होण्याऐवजी वाढत जाते.

त्याला हे कसे कळावे? हप्ता बदललेला नसतो, खात्यातून रक्कम वेळेवर वजा होते, आणि सर्व ठीक चालले आहे असेच त्याला वाटते. १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने या विषयावर परिपत्रक काढले. दर बदलल्यास हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्हींचा मेळ घालावा, हे निवडण्याची संधी कर्जदारास द्यावी आणि मुदतवाढीमुळे कर्ज उलट वाढत जाणार नाही याची बँकेने दक्षता घ्यावी, असे त्यात बजावले. नियम झाला. पण त्याची अंमलबजावणी एका यादीपासून सुरू होते : ज्या खात्यांत मासिक व्याज हप्त्याच्या जवळ आले आहे किंवा त्यापुढे गेले आहे, अशा खात्यांची यादी. ही यादी दरमहा न चुकता काढणारी आणि तिच्यातील विसंगती हेरणारी व्यक्ती असेल, तर प्रॉडक्ट मॅनेजर पुढचा विचार करू शकतो. कोणत्या कर्जदारास वाढीव हप्ता पेलेल, कोणाची निवृत्ती जवळ आल्याने मुदत वाढविणे धोक्याचे आहे, आणि पत्र कोणत्या शब्दांत लिहिले असता सामान्य माणसास त्याचा अर्थ कळेल, हे ठरविण्यास अनुभव आणि निवांतपणा दोन्ही लागतात. अशी व्यक्ती नसेल, तर यादी निघते ती तक्रार आल्यानंतर, आणि तोवर काही हप्ते गेलेले असतात.

अर्थात साहाय्यक नेमले की सर्व सुरळीत होते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. कामाचे विभाजन दुधारी असते, याचा अनुभव बँकिंग क्षेत्राने पूर्वीच घेतला आहे. कोअर बँकिंग प्रणाली आल्यानंतर अनेक बँकांनी कर्ज प्रस्तावांची छाननी, निवृत्तिवेतनाची आकारणी, धनादेशांचे समाशोधन अशी कामे शाखांमधून काढून मध्यवर्ती केंद्रांकडे सोपविली. शाखा व्यवस्थापकाचा वेळ वाचावा आणि तो ग्राहकांना मिळावा, हाच त्यामागील हेतू होता. कामे वेगाने होऊ लागली, हे खरेच. पण ‘आमचा कागद कुठे अडकला आहे?’ या प्रश्नाचे उत्तर शाखेत मिळेनासे झाले, हाही अनेक ग्राहकांचा अनुभव आहे. पूर्वी समोरच्या टेबलावर दिसणारी फाइल दुसऱ्या शहरात गेली, आणि तिच्याविषयी विचारणा करावी कोणाकडे, हे शाखेतील कर्मचाऱ्यासही ठाऊक नसे.

प्रॉडक्ट मॅनेजरच्या बाबतीतही असाच धोका संभवतो. सर्व तक्रारी साहाय्यकाकडून गाळून, तक्त्यांच्या रूपात येऊ लागल्या, की त्यामागील माणूस दिसेनासा होतो. ‘हप्ताविषयक तक्रारी ४ टक्क्यांनी घटल्या’ या वाक्यात चिंताग्रस्त कर्जदाराचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून ज्या संस्थांनी ही पद्धत विचारपूर्वक राबविली आहे, तेथे काही मूळ तक्रारी स्वतः वाचणे आणि ग्राहकांशी प्रत्यक्ष बोलणे ही कामे प्रॉडक्ट मॅनेजरकडेच ठेवली जातात. साहाय्यकाने माहिती गोळा करावी, ती स्वच्छ करावी, नियमितपणे समोर ठेवावी. तिचा अर्थ लावण्याचे उत्तरदायित्व मात्र हस्तांतरित करता येत नाही. योजनेचा दर चुकला किंवा अट जाचक ठरली, तर त्याचा जाब साहाय्यकास विचारणे अन्यायाचे होईल.

आणखी एक गोष्ट पदोन्नतीसंबंधीची, आणि ती कर्मचाऱ्यांच्या जिव्हाळ्याची आहे. परिचालन साहाय्याचे काम ‘कारकुनी’ मानले गेले, तर तेथे येणारा प्रत्येक जण दोन वर्षांत बदली मागतो, आणि त्याच्याबरोबर यादी कशी काढायची याचे ज्ञानही निघून जाते. वास्तविक शाखेत आठ-दहा वर्षे घालविलेल्या अधिकाऱ्याइतका या कामास योग्य माणूस क्वचितच सापडेल. पासबुक छापून घेण्यास आलेला ग्राहक नेमके काय विचारतो आणि अर्जातील कोणता रकाना नेहमी रिकामा राहतो, हे त्याने पाहिलेले असते. पुढे त्यालाच प्रॉडक्ट मॅनेजर होण्याचा मार्ग खुला ठेवला, तर हे काम स्वीकारण्यास चांगली माणसे पुढे येतात.

ग्राहकाचाही या साखळीत सहभाग आहे. इंदूर, वडोदरा किंवा हैदराबाद येथे स्थायिक झालेला मराठी खातेदार स्थानिक शाखेत तोंडी तक्रार करून परततो तेव्हा त्याचे समाधान कदाचित होत असेल, पण ती तक्रार योजना आखणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. व्यवहाराची तारीख, संदर्भ क्रमांक आणि रक्कम नमूद करून लेखी तक्रार दिली व तिचा नोंदणी क्रमांक मागून घेतला, तर ती ‘इतर’च्या ढिगात हरवण्याची शक्यता कमी होते. तक्रार अर्जावर कारणासाठी जागा असल्यास ते कारण ग्राहकाने स्वतःच्या शब्दांत, एका वाक्यात लिहावे. वर्गीकरण करणाऱ्यास ते वाक्य संगणकाच्या यादीपेक्षा अधिक उपयोगी पडते.